बाथरूमचं साहित्य निवडताना आधी पाण्याचा रस्ता बघा

आमचं पहिलं बाथरूम मी टाइलच्या रंगावरून ठरवलं. दुकानात फळीवर उभी लावलेली, दिव्याखाली चमकणारी राखाडी टाइल आवडली. तीच भिंतीला, तीच जमिनीला. तिला शोभावेत म्हणून काळे नळ आणि बेसिनखाली पांढरा संगमरवर. तीन महिन्यांत नळांवर पांढरे ठिपके बसले, संगमरवरावर बाटल्यांच्या बुडाएवढे निस्तेज गोल उमटले आणि सासरे ओल्या फरशीवर घसरले, ते दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचले. दोन वर्षांनी शेजारच्या खोलीतल्या भिंतीचा रंग फुगला, तेव्हा सगळंच फोडावं लागलं.

दुसऱ्या खेपेला मी उलटीकडून सुरुवात केली. जे भिंतीत आणि फरशीखाली गाडलं जाणार ते आधी, जे डोळ्यांना दिसणार ते शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. टाइलचं दुकान चौथ्या पायरीवर येतं, तोवर तिकडे फिरकू नका. आवडलेली टाइल एकदा मनात बसली की बाकीचे सगळे निर्णय तिच्या मागे फरपटत जातात. माझे गेले होते.

सोबत काय लागेल: मोजपट्टी, चौकटींचा कागद, पेन्सिल, स्पिरिट लेव्हल, छोटा लोहचुंबक, टाइलवर ठोकून बघायला लाकडी दांडा, पाण्याची छोटी बाटली आणि फोटो काढायला फोन. पाण्याची बाटली दुकानात न्यायची आहे. लोक विचित्र नजरेने बघतात, बघू द्या.

१. बाथरूमचा नकाशा काढा आणि पाण्याप्रमाणे तीन भाग करा

चौकटींच्या कागदावर खोली मापात काढा. दार, खिडकी, शॉवर, कमोड, बेसिन आणि पाणी जाण्याची जाळी दाखवा. मग पेन्सिलीने तीन भाग रंगवा.

पहिला भिजणारा भाग: शॉवरखालची जमीन आणि त्याच्या दोन-तीन भिंती. इथे रोज पाणी पडतं आणि काही वेळ साचतंही. दुसरा शिंतोड्यांचा: बेसिनभोवती, कमोडभोवती, दाराचा खालचा हातभर भाग. तिसरा वाफेचा: छत, भिंतींचा वरचा भाग, कपाटाचं आतलं अंग. तिसऱ्या भागाला पाणी शिवत नाही, पण ओल सर्वात उशिरा तिथूनच जाते. त्यामुळे बुरशी छतावर आधी दिसते आणि आपण उगाच वरच्या गळतीवर संशय घेतो.

याच वेळी पाणी जड आहे का बघून ठेवा. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर जमत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर उत्तर मिळालंच. नेमका आकडा हवा असेल तर तपासणीच्या पट्ट्या मिळतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी जड, १८० च्या वर गेलं की फारच जड. जड पाणी असेल तर काळ्या, गडद आणि आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागांवर आत्ताच फुली मारा. डाग सगळ्यांवर पडतात, पण या तिघांवर ते लांबून दिसतात.

२. पोटातलं साहित्य: पाइप आणि वॉटरप्रूफिंग

हे कुणालाही दाखवता येत नाही, म्हणून इथेच हात आखडता घेतला जातो. आम्हीही घेतला होता.

पाइपांचा हिशोब सोपा आहे. सीपीव्हीसी, यूपीव्हीसी आणि पीपीआर ही प्लास्टिकच्या पाइपांच्या प्रकारांची नावं. गरम पाण्याला सीपीव्हीसी. तो साधारण ९३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी बनलेला असतो. यूपीव्हीसी फक्त थंड पाण्याला, कारण साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो. पीपीआर दोन्हीला चालतो. त्याचे जोड चिकटवत नाहीत, तापवून एकजीव करतात, म्हणून त्याला ते यंत्र आणि ते हाताळणारा माणूस लागतो. जुन्या घरातले गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे पाइप आतून गंजत अरुंद होतात. भिंत उघडलीच आहे तर ते बदलून टाका.

इथला सापळा चिकटवण्याच्या द्रावणाचा. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसीची द्रावणं वेगळी असतात आणि घाईत एकाच डब्याने दोन्ही उरकले जातात. डबा स्वतः वाचा. पाइप बसल्यावर गिलावा करण्याआधी सगळी तोंडं बंद करून पंपाने दाब द्यायला सांगा. दाबमापकाचा काटा काही तास जागचा हलता कामा नये. हलला, तर जोड आत्ताच शोधा. टाइल बसल्यावर तो शोधायला छिन्नी लागते.

आता वॉटरप्रूफिंग. घरगुती बाथरूमसाठी बहुधा दोन पर्याय समोर येतात. एक, पावडर आणि द्रव मिसळून लावायचं सिमेंट-पॉलिमरचं लेपन. दोन, डब्यातून थेट लावायचं पॉलियुरेथेनसारखं रबरी लेपन. पहिल्यावर टाइलचा चिकटवणारा मसाला चांगला धरतो आणि ते लावणंही सोपं. दुसरं जास्त ताणलं जातं, म्हणून जमीन हलण्याची किंवा तडे जाण्याची शक्यता असेल तिथे कामाचं. मात्र त्यावर थेट टाइल चिकटवता येते का, ते त्या डब्यावर लिहिलेलं असलंच पाहिजे. डांबरी लेपन असेल तर टाइलआधी वर संरक्षक थर हवाच.

कोणतंही घ्या, बारकावे तेच:

जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करून घ्या आणि तिथे जाळीचं कापड लेपात बुडवा. काटकोनातला लेप सर्वात आधी फाटतो.

पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. म्हणजे पहिल्यात राहिलेली बारीक छिद्रं दुसऱ्यात झाकली जातात.

लेप जमिनीवर संपत नाही. सगळ्या भिंतींवर किमान फूटभर आणि शॉवरच्या भिंतींवर सहा फुटांपर्यंत चढवा. दाराच्या उंबऱ्याखालीही न्या. आमची ओल नेमकी उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीत शिरली होती.

पाइप जिथून जमिनीत किंवा भिंतीत शिरतात ती प्रत्येक जागा वेगळी बघा. जाळीची कड तर बोटाने चाचपून बघा.

लेप पूर्ण वाळला की जाळीचं तोंड बंद करून दोन-तीन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. पातळी भिंतीवर पेन्सिलीने आखा. थोडं पाणी उडून जातं, बोटभर उतरलं तर गळती आहे. खालच्या बाजूला जाता येत असेल तर जाऊन छत बघा. “एक रात्र पुरे” असं ऐकवलं जाईल. ऐकू नका. पाणी भिंतीतून बाहेर यायला वेळ घेतं.

३. कमोड, डायव्हर्टर आणि नळ टाइलच्या आधी ठरवा

यातलं निम्मं सामान भिंतीत बसतं. डायव्हर्टर म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे ते वळवणारा, भिंतीत गाडला जाणारा व्हॉल्व्ह. म्हणून मॉडेल आधी पक्कं करा, त्याचं मापाचं पत्रक हातात घ्या आणि मगच भिंतीत झिरी मारू द्या.

कमोड घेताना तुमचा निचरा जमिनीतून आहे की भिंतीतून, हा पहिला प्रश्न. जमिनीतून असेल तर एस-ट्रॅप, भिंतीतून असेल तर पी-ट्रॅप. जमिनीतला असेल तर भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, पण तयार भिंतीपासून. उघड्या विटेपासून मोजलं तर गिलावा, मसाला आणि टाइल मिळून तीनेक सेंटीमीटर आत येतात, आणि मग आणलेलं कमोड भिंतीला अडतं. ही चूक इतकी सर्रास होते की काही दुकानांत ती निस्तरायला तिरकस जोडणीचा तुकडाच विकतात.

भिंतीवर टांगलेलं कमोड घेणार असाल तर त्याच्या लोखंडी चौकटीला ज्या भिंतीचा आधार आहे ती भिंत भक्कम हवी. अशा कमोडची मानक चाचणी ४०० किलो भार ठेवून होते, त्यामुळे ते तुटण्याची भीती बाळगू नका. कच्ची असते ती भिंत. लपवलेल्या टाकीचा आतला भाग कधीतरी दुरुस्त करावा लागतोच, तेव्हा तो बटणाच्या पट्टीतून काढता येतो ना, हे दुकानात उघडून दाखवायला सांगा.

मातीच्या सामानात ‘व्हिट्रियस चायना’ घ्या. ते सुमारे १२०० अंशांना भाजलेलं असतं आणि पाणी जवळजवळ शोषत नाही. कमोडच्या आतल्या वळणात बोट फिरवून बघा. तिथे झिलई नसेल तर घाण धरणार.

नळांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे दिसणं आणि असणं यात सर्वात जास्त फरक आहे. चांगल्या नळाचा देह पितळेचा असतो, वर निकेल आणि क्रोमचा मुलामा. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टीलही उत्तम. जस्ताच्या मिश्रधातूचे नळ दिसायला तसेच, पण मुलामा गेला की आतून खाल्ले जातात. मूठ जस्ताची असली तर हरकत नाही, पाणी वाहतं तो देह नको. हातात घेऊन वजन बघा, तळाच्या आट्यांशी धातूचा रंग बघा. पिवळसर असेल तर पितळ.

आतलं काडतूस, म्हणजे कार्ट्रिज, सिरॅमिक चकत्यांचं हवं. रबरी वायसर दाबणारा जुना स्पिंडल वारंवार बदलावा लागतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: हेच कार्ट्रिज पाच वर्षांनी मिळेल का? दुकानदार सुटं कार्ट्रिज काढून दाखवू शकला तर मिळेल. नाही दाखवू शकला तर तो नळ कितीही देखणा असो, सोडा. भिंतीतल्या डायव्हर्टरला हे दुप्पट लागू.

रंगीत नळ घ्यायचाच असेल तर रंग कसा चढवलाय ते विचारा. निर्वात कक्षात चढवलेला पीव्हीडी मुलामा टणक असतो. साध्या रंगाचा थर साबणाच्या बाटलीचा धक्का लागला तरी टवका उडवतो. आमच्या काळ्या नळांचा उडाला.

डायव्हर्टर भिंतीत कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती आत बसवायचा, याच्या दोन खुणा त्याच्या देहावर असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांमध्ये आला पाहिजे. प्लंबर आणि टाइलवाला मिस्त्री या दोघांना एकाच वेळी समोर उभं करून हे मोजून घ्या. दोघं वेगवेगळ्या दिवशी आले की खूण कुणाच्याच ध्यानात राहत नाही.

४. जमिनीची टाइल

आता दुकान. आणि दुकानात जमिनीची टाइल आधी.

खोक्यावर दोन गोष्टी शोधा. पहिली, पाणी किती शोषते. व्हिट्रिफाइड किंवा पोर्सिलेन टाइल वजनाच्या ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषते. भिंतीसाठी बनवलेली साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांच्या वरही शोषते. भिंतीची टाइल जमिनीवर लावू नका. ती नरमही असते.

दुसरी गोष्ट घसरण. इथे भाषेचा घोळ आहे. दुकानदार ‘पीईआय ४’ वगैरे सांगेल. तो पृष्ठभाग झिजण्याचा आकडा आहे, घसरण्याशी त्याचा संबंध नाही. घरगुती बाथरूमला ३ सुद्धा पुरतो. घसरणीचे आकडे ‘आर ९’ ते ‘आर १३’ असे असतात, आकडा मोठा तितकी पकड जास्त. पण ती चाचणी तेल लावलेल्या उतारावर बूट घालून होते. ओल्या फरशीवर अनवाणी पावलांची चाचणी वेगळी. तिचे वर्ग ए, बी आणि सी. चाचणीत माणूस अनुक्रमे १२, १८ आणि २४ अंशांच्या उतारापर्यंत टिकला पाहिजे. शॉवरखाली बी वर्ग मागा. तो छापलेला नसेल तर निदान आर १० किंवा आर ११ घ्या. त्याहून खरखरीत टाइलवर पाय घसरत नाही, पण घासताना ब्रश झिजतो आणि मळ खाचांत बसतो. वय झालेलं माणूस घरात असेल तर घासण्याचा त्रास सोसा.

आता ती बाटली काढा. टाइलचा नमुना जमिनीवर आडवा ठेवायला सांगा. उभ्या टाइलवरून काहीच कळत नाही. पाणी ओता, साबणाचा एक थेंब टाका आणि चप्पल काढून उभं राहा. पाय हलवून बघा. या अर्ध्या मिनिटात मी मनात भरलेल्या सहापैकी चार टाइल बाद केल्या.

मापाचं म्हणाल तर शॉवरखाली मोठी टाइल नको. जमिनीला जाळीकडे उतार हवा: साधारण दर मीटरला १ सेंटीमीटर, शॉवरखाली २ सेंटीमीटरपर्यंत. चारी बाजूंनी एका बिंदूकडे उतरणाऱ्या जमिनीवर २ फुटी सपाट टाइल वाकत नाही. ती तिरपी कापावी लागते, नाहीतर कडेला ओठ उठतात आणि मागे डबकं राहतं. १२ इंची किंवा त्याहून लहान टाइल, किंवा कापडी जाळीवर चिकटवलेलं बारीक तुकड्यांचं मोझॅक उतार नीट घेतं. लहान टाइल म्हणजे सांधे जास्त आणि सांधे जास्त म्हणजे पकडही जास्त. मोठी टाइल हवीच असेल तर जाळी एका भिंतीलगत लांबट पट्टीची घ्या. मग उतार एकाच बाजूला जातो आणि टाइल न कापता बसते.

५. भिंतीची टाइल आणि दगड

भिंतीला मोकळीक आहे. पाणी जड नसेल तर चकचकीत टाइल इथे लावा, पाणी पुसायला सोपी. सिरॅमिक चालतं. वजनाने हलकं असल्यामुळे भिंतीवर बसवायलाही बरं. नक्षीत खोल खाचा असलेली टाइल भिजणाऱ्या भागात नको, बाकी तुमची आवड.

दगड हा वेगळा विषय. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल त्याला खातं. कमोड साफ करायच्या कित्येक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. एक शिंतोडा पडला तरी चमक जाते, आणि तो डाग नसून झीज असल्यामुळे घासून निघत नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. माझ्या बेसिनखालच्या गोलांचं रहस्य हेच होतं: बाटल्यांच्या बुडाशी ओघळलेलं द्रावण. काही पांढऱ्या संगमरवरांत लोहाचा अंश असतो. सतत ओल राहिली तर तो गंजून दगड पिवळा पडतो, आणि हे आतून होत असल्याने वरून काही लावून थांबत नाही.

ग्रॅनाइट आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि बेसिनखाली छान टिकतं. दगड कोणताही असो, त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. थेंबाखालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, म्हणजे त्याला सीलर (पाणी आत न शिरू देणारं द्रावण) लावणं आणि ठरावीक काळाने पुन्हा लावणं आलं. तेवढा उत्साह टिकणार नसेल तर दगडासारखी दिसणारी पोर्सिलेन टाइल लावा. शेजाऱ्यांना फरक कळत नाही.

६. चिकटवणारा मसाला, ग्राउट आणि सिलिकॉन

व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, हा तिचा गुण. याच गुणामुळे ती नुसत्या वाळू-सिमेंटवर धरत नाही, कारण सिमेंटचं पाणी ओढून घ्यायला तिच्या पाठीला छिद्रंच नसतात. तिला टाइल ॲडहेसिव्हच लागतो. पिशवीवर सी१ किंवा सी२ असा वर्ग असतो. सी२ ची पकड जास्त. पुढे टी असेल तर भिंतीवर टाइल घसरत नाही, ई असेल तर पसरलेला मसाला जास्त वेळ ओला राहतो, एस१ असेल तर वाळल्यावर किंचित लवतो. बाथरूमच्या व्हिट्रिफाइड टाइलला सी२टीई मागा आणि टाइल मोठी असेल तर एस१ सुद्धा.

मोठा सापळा: टाइलच्या पाठीला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा लावून दाबणं. काम झपाट्याने होतं, पण मधल्या पोकळीत पाणी साचतं आणि जड वस्तू पडली की टाइल नेमकी तिथेच फुटते. मसाला दातेरी थापीने सगळीकडे पसरायला हवा. पहिल्या दोन टाइल बसवल्यावर लगेच एक उचकटून दाखवायला सांगा. तिच्या पाठीवर जवळजवळ सगळीकडे मसाला लागलेला दिसला पाहिजे. मिस्त्री नाराज होईल. माझा झाला, पण पुढच्या सगळ्या टाइल त्याने नीट लावल्या. दोन-तीन दिवसांनी लाकडी दांड्याने ठोकून बघा, पोकळ आवाज येईल तिथे खडूने फुली करा.

सांधा २ ते ३ मिलिमीटरचा ठेवा. “सांधाच दिसणार नाही असं लावून देतो” हे आकर्षक वाटतं, पण टाइल तापून-निवून हलते तेव्हा तिला जागा लागते, नाहीतर कडा टवके देतात किंवा टाइल उचलली जाते.

ग्राउट म्हणजे टाइलमधल्या सांध्यात भरायचा मसाला. भिजणाऱ्या भागात इपॉक्सी ग्राउट भरा. ते पाणी शोषत नाही आणि डाग धरत नाही. मात्र ते झरझर घट्ट होतं. थोडं थोडं मिसळावं लागतं आणि टाइलवर सांडलेलं तिथल्या तिथे पुसावं लागतं, नाहीतर कायमचा चिकट पापुद्रा राहतो. बाकी ठिकाणी सिमेंटचं ग्राउट चालेल. रंग मध्यम राखाडी घ्या. पांढरं ग्राउट फोटोपुरतं पांढरं असतं. आणि एक लक्षात ठेवा, इपॉक्सी भरलं म्हणून खालचं वॉटरप्रूफिंग टाळता येत नाही. सांगणारे भेटतील.

भिंत-जमीन आणि भिंत-भिंत यांच्या कोपऱ्यात ग्राउट न भरता सिलिकॉन भरा, कारण हे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि टणक ग्राउटला तडा जातो. बुरशीरोधक आणि ‘न्यूट्रल’ प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं. संगमरवर आणि आरशाच्या पाठीला ते नको. सिलिकॉन काही वर्षांनी काळवंडतं, तेव्हा ते कापून नवं भरायचं असतं. हे बिघडणं नाही, देखभाल आहे.

७. किती घ्यायचं, याचा हिशोब

उदाहरण घेते. खोली ८ बाय ५ फूट, टाइल ७ फूट उंचीपर्यंत. चार भिंतींची लांबी २६ फूट, गुणिले ७ म्हणजे १८२ चौरस फूट. दाराचे १७.५ आणि खिडकीचे ४ वजा केले की उरले १६०.५. तुटफूट आणि कापाकापीसाठी १० टक्के धरले की साधारण १७७ चौरस फूट. टाइल तिरपी लावणार असाल तर १० ऐवजी १५ टक्के.

आता गंमत बघा. ‘१२ बाय २४ इंची’ टाइल २ चौरस फुटांची धरली तर ८९ टाइल होतात. खोक्यात ५ असतील तर १८ खोकी. पण ती टाइल प्रत्यक्षात ३०० बाय ६०० मिलिमीटर असते, म्हणजे १.९४ चौरस फूट. १७७ ला त्याने भागलं तर ९२ टाइल, १९ खोकी. तोंडी हिशोबात एक खोकं कमी पडतं, आणि ते काम संपत आल्यावर कळतं. तेव्हा आणलेलं खोकं दुसऱ्या भाजणीचं असतं आणि त्याची छटा वेगळी पडते.

म्हणून सगळी खोकी एकदम घ्या आणि उतरवून घेतानाच प्रत्येकावरचा लॉट नंबर, शेड आणि मापाचा क्रमांक जुळवा. एकही वेगळा असेल तर गाडीतूनच परत.

८. काच, लाकूड, लोखंड

शॉवरची काच टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, ८ किंवा १० मिलिमीटर जाडीची. कोपऱ्यात तसा शिक्का असतो, तो बघा. टफन्ड काच नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. म्हणून तिचं माप टाइल पूर्ण लागल्यावरच द्या, आणि भिंत ओळंब्यात नसेल तर वर, मध्ये, खाली अशी तीन मापं द्या.

बिजागऱ्या, जाळी आणि टॉवेलचा दांडा ३०४ स्टीलचा. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत तो जास्त टिकतो. लोहचुंबक लावून बघा, कडकडून चिकटला तर ते ३०४ नाही. किंचित ओढ वाटली तर लगेच बाद करू नका, वाकवलेल्या जागी ३०४ सुद्धा थोडं चुंबक धरतं.

बेसिनखालच्या कपाटाला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नको, पाणी प्यायलं की ते पावासारखं फुगतं. मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा, पाइपासाठी पाडलेली भोकंसुद्धा, सील करून घ्या. कपाट भिंतीला टांगा, जमीन मोकळी राहते. दाराला डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) किंवा पीव्हीसी. आरशाची पाठ भिंतीला सपाट चिकटवू नका, मागे थोडी फट ठेवली तर कडा काळ्या पडत नाहीत.

९. छत, पंखा, दिवे

छताला ओलरोधक जिप्सम बोर्ड, कॅल्शियम सिलिकेट किंवा पीव्हीसी पट्ट्या. वर पाइप असतील तर उघडायचं झाकण ठेवा.

पंखा छताहून महत्त्वाचा. खोलीची हवा तासाला ८ वेळा बदलेल इतका घ्या. आपली ८ बाय ५ ची खोली ९ फूट उंच असेल तर ३६० घनफूट; गुणिले ८, भागिले ६० म्हणजे मिनिटाला ४८ घनफूट. हा आकडा पंख्याच्या खोक्यावर असतो. आणि दाराखाली बोटभर फट ठेवा. हवा आत येणार कुठून?

शॉवरजवळचे दिवे आयपी ६५, बाकीचे आयपी ४४. आयपी म्हणजे धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा. गळती-प्रवाह दिसताच ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच बाथरूमच्या सर्किटला आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यात स्वतः हात घालू नका.

१०. हिशोब चुकता करण्याआधी

या गोष्टी एका पाकिटात जमवा: नळ, डायव्हर्टर आणि कमोडची मापाची पत्रकं व हमीपत्रं; टाइलच्या खोक्यावरच्या लेबलचे फोटो; ॲडहेसिव्ह, ग्राउट आणि वॉटरप्रूफिंगच्या पिशव्यांवरची नावं; दाब दिल्याचे आणि पाणी भरल्याचे तारखेसह फोटो. सर्वात कामाचे म्हणजे गिलाव्याआधी काढलेले भिंतींचे फोटो, मोजपट्टी भिंतीला लावलेली दिसेल असे. पुढे आरसा टांगताना ड्रिल कुठे लावायचं नाही, हे तेच सांगतात.

उरलेल्या टाइलपैकी जमिनीच्या चार आणि भिंतीच्या सहा तरी जपून ठेवा, परत देऊ नका.

मग बादलीभर पाणी दारापाशी ओता आणि ते जाळीकडे जातं का बघा. दहा मिनिटांनी पुन्हा या. कुठे डबकं राहिलं असेल तर खडूने आखा, फोटो काढा आणि शेवटचा हप्ता तोवर खिशात ठेवा. आमच्याकडे कमोडच्या मागे तळहाताएवढं डबकं राहिलं होतं. मिस्त्रीने पाच टाइल काढून पुन्हा लावल्या, कुरकुरत.